घरच्या वायफायच्या यादीत अनोळखी यंत्रे दिसत असतील तर

अमळनेरहून एका निवृत्त शिक्षकांनी विचारले आहे. त्यांच्या घरी फायबरचे कनेक्शन आहे, माणसे पाच आहेत, मात्र राउटरच्या यादीत चौदा यंत्रे जोडलेली दिसतात आणि संध्याकाळी सातनंतर इंटरनेटचा वेग फारच मंदावतो. कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाने वायफायचा पासवर्ड म्हणून त्यांचाच मोबाइल नंबर ठेवला होता आणि चार वर्षांत तो बदललेला नाही. नेटवर्कचे नाव लपवावे आणि मॅक फिल्टर, म्हणजे नोंदवलेल्या यंत्रांनाच आत घेणारी राउटरची सोय, लावावा, म्हणजे प्रश्न मिटेल, असे शेजारच्या एका महाविद्यालयीन मुलाने सुचवले आहे. एवढे पुरेसे आहे का, डब्ल्यूपीए-३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) असलेला नवा राउटर घ्यावा लागेल का आणि तोवर मोबाइलवरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

सर, जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या पट्ट्यात मी सतरा वर्षे घरांची, दुकानांची आणि जिनिंगची नेटवर्क बसवत आलो आहे, आणि आपला प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी विचारला जातो. नाव लपवून आणि मॅक फिल्टर लावून काही साधणार नाही. नवा राउटर लागेलच असे नाही. बँकेचे व्यवहार या कारणासाठी थांबवण्याची गरज नाही. आजच्या आज करायला हवे ते काम म्हणजे पासवर्ड बदलणे, आणि तेही एक नव्हे, दोन पासवर्ड. त्याची कारणे पुढे सविस्तर देतो.

आधी चौदा या आकड्याविषयी. तो पाहून लगेच कोणावर संशय घेऊ नये. पाच माणसांच्या घरात पाच मोबाइल, एखादा जुना मोबाइल मुलांना खेळायला दिलेला, एक-दोन लॅपटॉप, टीव्ही, सेट टॉप बॉक्स, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर धरला, तर दहा-बारा यंत्रे सहज होतात. पाचोऱ्याला एका कापूस व्यापाऱ्यांच्या घरी मी गेलो, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांशी बोलणे टाकले होते, कारण यादीत ‘एस्प्रेसिफ’ नावाचे एक यंत्र रात्रंदिवस जोडलेले दिसत होते आणि हे नाव घरात कोणीच ऐकले नव्हते. एस्प्रेसिफ ही शांघायची चिप बनवणारी कंपनी आहे. तिच्या चिप स्वस्तातल्या स्मार्ट बल्बांत आणि प्लगांत सर्रास असतात. गच्चीवरच्या टाकीची मोटार मोबाइलवरून चालू-बंद करता यावी म्हणून त्यांच्याच मुलाने लावलेला स्विच होता तो. शिवाय अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून मोबाइल आपला खरा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) न सांगता प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला पत्ता सांगतो. त्यामुळे राउटरवर वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन लहरपट्ट्यांची दोन वेगळी नावे असतील आणि एकच मोबाइल दोन्हींना कधीतरी जोडला गेला असेल, तर तो यादीत दोन अनोळखी पाहुण्यांसारखा दिसू शकतो.

म्हणून कागदावर यादी लिहून काढावी, घरातले एकेक यंत्र बंद करावे आणि कोणती ओळ नाहीशी होते ते पाहावे. काही राउटर निघून गेलेले यंत्रही दिवसभर यादीत दाखवत राहतात. तसे दिसले तर सगळी यंत्रे बंद करून राउटर एकदा बंद-चालू करावा आणि मग एकेक जोडत जावे. अर्ध्या तासाचे काम आहे, पण ते केल्याशिवाय पुढचे सगळे अंधारात चालते.

मंद वेगाचा आणि चोरीचा संबंध असतोच असेही नाही. संध्याकाळी आपल्या आळीतले सगळेच टीव्ही लावतात आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. दहा घरांचे राउटर त्या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसतात. मे महिन्यात आणखी एक कारण असते, ते पुण्या-मुंबईकडच्या माणसाला चटकन सुचत नाही. घरगुती राउटर बहुधा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे सावलीतच पारा ४४-४५ ला टेकतो. त्यात राउटर टीव्हीच्या काचेच्या कपाटात सेट टॉप बॉक्सवर ठेवलेला असला, की तो तापून अडखळतो. भुसावळला दर उन्हाळ्यात मी दोन-चार ‘वायफायचोर’ राउटर कपाटाबाहेर काढून पकडले आहेत.

एवढे करूनही दोन-तीन ओळी उरल्या, ज्यांचा घरात कोणीच धनी नाही, तर पासवर्ड बाहेर गेला आहे असे धरून चालावे. आपला पासवर्ड मोबाइल नंबर असल्याने तो बाहेर जायला कोणी हुशार माणूस लागतही नाही. जोडणी करणारी मुले सर्रास हेच करतात, हे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याच्याकडे आपला नंबर आहे, असा प्रत्येक माणूस पहिल्या प्रयत्नात आत येतो. आणि निवृत्त शिक्षकाचा नंबर तर निम्म्या गावाकडे असतो.

समजा, नंबर ठाऊक नसलेला कोणी आहे. तोही कसा आत येतो ते समजून घेण्यासारखे आहे, कारण पासवर्ड किती मोठा हवा हे त्यावरूनच ठरते. मोबाइल राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवाणघेवाण होते. त्यात पासवर्ड उघड जात नाही, परंतु ते संदेश हवेतून टिपता येतात, आणि टिपणारा माणूस घरी जाऊन आपल्या संगणकावर एकेक शक्य पासवर्ड त्यांच्याशी ताडून पाहू शकतो. चार चुकीच्या प्रयत्नांनंतर राउटर अडवील ही समजूत इथे कामाची नाही, कारण हा सगळा खटाटोप राउटरच्या माघारी चाललेला असतो. मानक ठरवणाऱ्यांनी प्रत्येक अंदाजासाठी एक गणित ४,०९६ वेळा फिरवावे लागेल अशी तजवीज केली होती आणि त्या काळच्या संगणकांना ते जड जाई. आज गेम खेळण्यासाठी दुकानात मिळणारे एक चांगले ग्राफिक कार्ड सेकंदाला साधारण दहा लाख अंदाज तपासते. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता ४०० कोटी; सेकंदाला दहा लाखांच्या वेगाने त्या सगळ्या ४,००० सेकंदांत, म्हणजे तासा-सव्वातासात, संपतात. आठ अंकी कोणताही आकडा १०० सेकंदांत सापडतो. जन्मतारीख ठेवली असेल, तर शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून ३६,५२५ च होतात. त्यांना एक सेकंदही लागत नाही.

यावर उपाय अवघड नाही. घरातला कोणताही मराठी शब्दकोश घ्यावा, न बघता पाच ठिकाणी उघडावा आणि बोट पडेल तो शब्द उचलावा. समजा, रहाट, तूस, पितळ, वेलदोडा आणि उंबरठा असे शब्द निघाले. ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन लिहिले की पासवर्ड झाला. (हेच पाच शब्द मात्र वापरू नयेत, ते आता छापले गेले.) वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असावा लागतो आणि तो साध्या रोमन अक्षरांत, अंकांत व चिन्हांतच चालतो, देवनागरी त्यात बसत नाही. शब्द दोन हजारांतूनच निवडले असे धरले तरी अशा पाच शब्दांच्या जोडण्या इतक्या होतात की वरच्याच वेगाने त्या सगळ्या तपासायला हजार वर्षे लागतील. अट एकच, शब्द खरोखर आंधळेपणाने निवडलेले असावेत. कुलदैवत, गाव, नातवाचे नाव आणि शेवटी १२३ ही जोडणी माणसाला मोठी वाटते, यंत्राला वाटत नाही.

या गणितात नेटवर्कचे नावही मिसळलेले असते. त्यामुळे कंपनीने दिलेले सर्वसामान्य नाव तसेच ठेवले, तर त्या नावासाठी आधीच करून ठेवलेले हिशेब समोरच्याच्या उपयोगी पडू शकतात. नाव बदलावे, पण त्यात आडनाव किंवा घरक्रमांक घालू नये.

आता दुसरा पासवर्ड, ज्याचा प्रश्नात उल्लेखच नाही आणि माझ्या मते खरा धोका तिथे आहे. राउटरचे स्वतःचे एक पान असते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता इंग्रजी अंकांत टाकला की ते उघडते, आणि तिथे नाव ‘ॲडमिन’ व पासवर्डही ‘ॲडमिन’ असे अनेक घरांत आजही चालते. वायफायमध्ये घुसलेला माणूस आपले कनेक्शन वापरतो. या पानात घुसलेला माणूस घराचा कारभारच हाती घेतो. तो डीएनएसचा पत्ता बदलू शकतो. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांतला पत्ता सांगणारी व्यवस्था. ती परक्याच्या हाती गेली की आपण नाव बरोबर टाकतो आणि पोहोचतो भलतीकडे. धरणगावच्या एका घरात कोणतेही संकेतस्थळ उघडले तरी आधी जुगाराची जाहिरात येत होती. त्यांनी तीन मोबाइल दुकानात नेऊन पुसून आणले होते. दोष मोबाइलांत नव्हताच. राउटरमध्ये डीएनएसच्या रकान्यात कुठल्या तरी परदेशी सर्व्हरचा पत्ता भरलेला होता आणि ॲडमिनचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता. रकाना पुसला, पासवर्ड बदलला, काम दहा मिनिटांत झाले.

त्याच पानावर आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. बाहेरून, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने, राउटरचे पान उघडण्याची सोय ‘रिमोट मॅनेजमेंट’ नावाने असते, ती बंद असावी. यूपीएनपी नावाची सोय घरातल्या यंत्रांना आपणहून बाहेरचे दार उघडू देते. गेम खेळणारे कोणी नसेल तर तीही बंद करावी. आणि फर्मवेअरची, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती आली असेल तर ती घ्यावी. ती चढत असताना वीज जाऊ नये म्हणून राउटर इन्व्हर्टरवर आहे याची खात्री करून मगच बटण दाबावे, कारण अर्धवट चढलेल्या फर्मवेअरने बंद पडलेले राउटर मी पाहिले आहेत.

इथे फायबरच्या ग्राहकांची एक अडचण येते. घरात बसवलेला ओएनटी, म्हणजे फायबरची तार जिथे येऊन जोडली जाते तो डबा, बहुधा सेवा देणाऱ्याच्या मालकीचा असतो आणि त्याचे वरच्या अधिकाराचे लॉगिन त्यांच्याकडेच राहते. आपल्याला मिळते ते अर्धेमुर्धे पान, ज्यात वायफायचा पासवर्ड बदलता येतो, पण बाकीचे रकाने दिसतही नाहीत. अशा वेळी ऑपरेटरला ‘ओएनटी ब्रिज मोडवर टाकून द्या’, म्हणजे तो फक्त जोडणी पुढे देईल आणि राउटरचे काम करणार नाही, असे सांगावे आणि दोन-तीन हजारांचा आपला राउटर त्याच्या मागे लावावा. ओएनटीचे स्वतःचे वायफाय मग बंद करायला विसरू नये, नाहीतर पुढच्या दाराला नवे कुलूप लागते आणि जुना पासवर्ड मागच्या दारी चालूच राहतो. ऑपरेटर तयार नसला, तर निदान आपल्या लॉगिनचा पासवर्ड तरी बदलावा. तक्रारीसाठी माणूस येतो, तो ओएनटीचे रिसेटचे बारीक छिद्र टाचणीने दाबतो, सगळे कारखान्यातून आल्यासारखे होते आणि तो जाताना पुन्हा मोबाइल नंबर ठेवून जातो. माझ्या स्वतःच्या घरी, मी बाहेरगावी असताना, हेच झाले होते आणि मला ते पंधरा दिवसांनी कळले.

डब्ल्यूपीएस नावाची एक सोय राउटरवर असते, बहुतेक वेळा मागे तसे बटणही असते. पासवर्ड न टाकता आठ अंकी पिनने यंत्र जोडता यावे म्हणून ती आणली गेली. आठ अंक म्हणजे पुष्कळ झाले असे वाटते, परंतु शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासून पहिला अर्धा बरोबर की चूक हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळे शक्यता उरतात दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे फक्त ११,०००, आणि प्रत्येकीला तीन सेकंद धरले तरी नऊ-सव्वानऊ तासांत सगळ्या संपतात. ही गोष्ट डिसेंबर २०११ मध्ये उघड झाली. नंतरच्या अनेक राउटरांनी प्रयत्नांवर मर्यादा घातली, पण आपला राउटर त्यातला आहे की नाही हे पाहत बसण्यापेक्षा ही सोय बंद करणे सोपे. ती चालू असेल तर पाच शब्दांचा पासवर्ड ठेवूनही उपयोग नाही.

हवेतून जाणारी माहिती परक्याला वाचता येऊ नये म्हणून केलेल्या सांकेतिकीकरणाच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. १९९७ चे डब्ल्यूईपी २००१ मध्येच फोल ठरले. एखादे यंत्र फक्त तेवढेच जाणत असेल तर ते भंगारात द्यावे. २००३ चे डब्ल्यूपीए ही तात्पुरती डागडुजी होती. २००४ चे डब्ल्यूपीए-२, एईएस या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीसह, आजही, मोठा पासवर्ड असेल तर, घरासाठी पुरेसे आहे. राउटरमध्ये ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए-२ मिश्र’ किंवा ‘टीकेआयपी’ ही जुनी पद्धत निवडलेली असेल, तर ते बदलून ‘डब्ल्यूपीए-२, एईएस’ करावे. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ चा खरा फायदा हा, की वर सांगितलेली घरी नेऊन अंदाज ताडण्याची युक्ती त्यात चालत नाही. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी पुन्हा बोलावे लागते. दुसरा फायदा असा, की डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्ड ठाऊक असलेला घरचाच माणूस जोडणीचे ते चार संदेश टिपून दुसऱ्याची हवेतली माहिती उलगडू शकतो, तेही यात जमत नाही. राउटर घ्यायचाच असेल तर डब्ल्यूपीए-३ असलेलाच घ्यावा आणि ‘डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३’ या जोडपद्धतीवर ठेवावा, म्हणजे जुनी यंत्रेही चालतील, जरी त्या जुन्या यंत्रांपुरती ताकद डब्ल्यूपीए-२ चीच राहते. केवळ या कारणासाठी चालू राउटर काढून टाकावा असे मी कोणाला सांगत नाही. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ मध्येही ‘क्रॅक’ नावाचा दोष सापडला होता. त्याची दुरुस्ती मोबाइल आणि संगणकांच्या अपडेटमधून आली. म्हणून वर्षानुवर्षे अपडेट न मिळालेला जुना मोबाइल हा राउटरपेक्षा कच्चा दुवा असतो.

शेजारच्या मुलाच्या दोन सूचना आता घेऊ. नाव लपवले तरी राउटर हवेत बोलतच असतो, आणि घरातले मोबाइल जोडले जाताना ते नाव स्वतःच उच्चारतात. ऐकणाऱ्याला ते काही क्षणांत कळते. उलट मोबाइल बाहेर, बसस्थानकावर, दवाखान्यातही ‘अमुक नावाचे नेटवर्क आहे का’ असे पुकारत फिरतो. मॅक फिल्टरचे तसेच. मॅक पत्ता हवेत उघडा जातो, तो नक्कल करणे एका आज्ञेचे काम आहे. आणि आता मोबाइल स्वतःच बनावट पत्ते सांगत असल्यामुळे या फिल्टरचा जाच चोराला कमी आणि घरच्यांना जास्त होतो. दिवाळीत आलेल्या मुलीचा नवा मोबाइल जोडला जात नाही म्हणून रात्री दहाला मला फोन येतात, ते अशाच घरांतून. मुलाची इच्छा चांगली आहे, त्याला नाराज करू नये, पण त्याच्याकडून हे काम करून घेऊ नये.

पासवर्ड कितीही मोठा असला तरी तो घरातूनच बाहेर जातो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की तांत्रिक भाग संपल्यावर खरा भाग सुरू होतो असे म्हणावेसे वाटते. आपल्याकडे शेतीची वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, तरी भावाभावांत वायफाय एकच असते. श्रावणात कानबाईच्या रोटांना भाऊबंद जमतात, अखाजीला लेकी माहेरी येतात, आणि उंबरठा ओलांडल्यावर पाण्याच्या तांब्याबरोबरच ‘दादा, वायफायना पासवर्ड काय शे?’ हा प्रश्न येतो. नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये. मात्र ज्याला एकदा पासवर्ड मिळाला, त्याच्या मोबाइलमधून तो क्यूआर कोड दाखवून पुढे देता येतो, आणि अनेक अँड्रॉइड मोबाइलांत त्या कोडाखाली पासवर्ड सरळ वाचता येईल असा लिहिलेलाही असतो. ‘मोफत वायफाय शोधून देतो’ म्हणणारी काही ॲप तर मोबाइलमध्ये साठवलेले पासवर्ड सगळ्यांसाठी खुल्या यादीत टाकतात. भाच्याच्या मोबाइलमध्ये असे एखादे ॲप असेल, तर आपला पासवर्ड आळीचा होतो आणि त्याला ते ठाऊकही नसते.

यासाठी राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असते, ते चालू करावे. त्याला वेगळे नाव आणि वेगळा, सांगायला सोपा पण मोबाइल नंबर नसलेला पासवर्ड द्यावा, आणि ‘पाहुण्यांना घरातली यंत्रे दिसू नयेत’ या अर्थाचा पर्याय चालू ठेवावा. पाहुणे गेले की पंधरा-वीस दिवसांनी तो पासवर्ड बदलता येतो. घरच्या एकाही यंत्राला हात लावावा लागत नाही. मूळ पासवर्ड मात्र घरच्या पाच माणसांपलीकडे जाऊ नये, आणि खरे तर पाचांनाही तो पाठ असण्याची गरज नाही.

कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, स्मार्ट बल्ब, मोटारीचा स्विच असली यंत्रेही मी याच पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाकतो. ती आपली असली तरी भरवशाची नसतात, कारण त्यांना अपडेट क्वचित मिळते आणि पासवर्ड कारखान्याचाच राहतो. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाचा प्रोग्राम अशाच साठेक ठरीव नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून जगभरच्या कॅमेऱ्यांत आणि राउटरांत शिरला, आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्या यंत्रांच्या झुंडीने एका डीएनएस कंपनीवर असा मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अमेरिकेत काही तास अडखळली. ज्यांच्या भिंतीवरचे कॅमेरे त्यात सामील होते, त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसणार. डीव्हीआरचा पासवर्ड आजच बदलावा. प्रिंटर आणि मोबाइलवरचे चित्र दाखवायचा टीव्ही मात्र मूळ नेटवर्कवरच ठेवावेत, नाहीतर मोबाइलला ते सापडणार नाहीत आणि घरात दोष माझ्यावर येईल.

बँकेच्या व्यवहारांविषयी आपली भीती समजते, पण ती थोडी अस्थानी आहे. बँकेचे ॲप आणि संकेतस्थळ आपली माहिती वायफायच्या आधीच, मोबाइलमध्येच, सांकेतिक करून पाठवते. वायफायमध्ये शिरलेल्या माणसाला फार तर आपण कोणत्या बँकेशी बोललात हे कळेल, काय बोललात ते नाही. ब्राउझरने ‘हे कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा दिला आणि तरीही आपण पुढे गेलात, तर मात्र हे संरक्षण आपणच काढून टाकलेले असते. डीएनएस बदललेल्या राउटरवर हा इशारा दिसण्याची शक्यता असते, म्हणून तो दिसला की व्यवहार थांबवून मोबाइल डेटावर यावे आणि राउटर तपासावा. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवावे. वायफायचा तपास नंतर.

माझ्या दृष्टीने मोठी काळजी वेगळी आहे. घरातली सगळी यंत्रे बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच क्रमांकाने, दिसतात आणि तो पत्ता आपल्या नावावरच्या कनेक्शनचा असतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना गेलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या वायफायवरून गेल्याचे तपासात निघाले. ते वायफाय असुरक्षित होते आणि ईमेल दुसऱ्याच कोणी पाठवला होता, पण चौकशी आधी त्याचीच झाली. अमळनेरच्या आळीत असे काही घडेल असे मी म्हणत नाही. एखाद्या मुलीला धमकीचा मेसेज किंवा खोट्या खात्यावरचे उद्योग एवढेही पुरते. अशी शंका आली तर यादीचा फोटो तारखेसह काढून ठेवावा आणि मगच पासवर्ड बदलावा.

कामाचा क्रम असा ठेवावा, की रविवारी सकाळी घरातली माणसे मोबाइलांसह हजर असतील. लॅपटॉप वायरने राउटरला जोडावा, म्हणजे वायफाय बदलताना मध्येच संपर्क तुटणार नाही. आधी ॲडमिनचा पासवर्ड, मग डीएनएसचा रकाना पाहणे, रिमोट मॅनेजमेंट आणि डब्ल्यूपीएस बंद, त्यानंतर नेटवर्कचे नवे नाव आणि नवा पासवर्ड, शेवटी गेस्ट नेटवर्क. दोन्ही पासवर्ड डायरीत लिहून ती कपाटात ठेवावी, राउटरवर चिकटवू नये. प्रिंटर आणि डीव्हीआर सर्वांत जास्त छळतात, कारण त्यांतले बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात. ते शेवटी, निवांतपणे जोडावेत.

सोमवारी संध्याकाळी सातला यादी पुन्हा उघडावी. आकडा पुन्हा चौदा भरला, तर चौदाही आपलीच होती. मग मंद वेगाची तक्रार ऑपरेटरकडे करावी आणि राउटर कपाटाबाहेर काढावा. आकडा अकरावर आला, तर एक-दोन दिवसांत कोणीतरी फाटकाशी येऊन, ‘काका, आज नेट बंद शे का?’ असे सहज विचारील. त्याला पाहुण्यांच्या नेटवर्कचा पासवर्ड द्यायचा की नाही, हे आपल्या शेजारधर्मावर आहे. घरचा मात्र देऊ नये.